परीक्षेविना न्यायाधीश: अमेरिकेतील 2018 च्या एका आदेशाचा अर्थ

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी 10 जुलै 2018 रोजी 13843 क्रमांकाच्या कार्यकारी आदेशावर सही केली. त्या दिवशी साऱ्यांचे लक्ष साहजिकच दुसरीकडे होते, कारण आदल्याच रात्री सर्वोच्च न्यायालयातील जागेसाठी ब्रेट कॅव्हनॉ यांचे नाव जाहीर झाले होते. त्या एका जागेवरून पुढे कित्येक महिने वादळ उठले. या आदेशाने मात्र सुमारे दोन हजार न्यायाधीशपदांच्या भरतीची रीतच बदलून टाकली आणि त्याची चर्चा वकील व सरकारी कर्मचारी यांच्या वर्तुळाबाहेर फारशी झाली नाही. मला ही गोष्ट खटकते, कारण सर्वसामान्य अमेरिकी नागरिकाला आयुष्यात सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागण्याची शक्यता जवळजवळ नसते, पण या दोन हजारांपैकी एखाद्यासमोर उभे राहण्याची वेळ कोणावरही येऊ शकते.

या न्यायाधीशांना तिकडे प्रशासकीय न्यायाधीश म्हणतात. अमेरिकी राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाखाली नेमले जाणारे न्यायाधीश वेगळे. त्यांचे नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात, सिनेट त्याला मंजुरी देते आणि नेमणूक तहहयात असते. प्रशासकीय न्यायाधीश सरकारच्या खात्यातच बसतो, त्याच खात्याकडून पगार घेतो आणि त्याच खात्याचा नागरिकाशी किंवा कंपनीशी वाद झाला की त्यावर निवाडा देतो. कामगार खाते, शेअर बाजारावर देखरेख ठेवणारे आणि आपल्या सेबीसारखे काम करणारे सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन (एसईसी), वीज आणि वायूच्या दरांचे नियमन करणारा आयोग अशा अनेक ठिकाणी हे न्यायाधीश आहेत. तरी त्यांच्यातील बहुसंख्य एकाच ठिकाणी काम करतात, आणि ते म्हणजे निवृत्तिवेतन व विकलांगता भत्ता देणारे सोशल सिक्युरिटी खाते.

या खात्यातील सुनावणी नेमकी कशी चालते ते जरा जवळून पाहू, कारण पुढचा सगळा वाद समजायला ती फार उपयोगी आहे. समजा, गोदामात ओझी उचलणाऱ्या पन्नाशीच्या कामगाराची पाठ कायमची गेली आणि त्याने विकलांगता भत्त्यासाठी अर्ज केला. पहिल्या टप्प्यावर कार्यालयाने कागदपत्रे पाहून नकार दिला, फेरविचारातही नकार कायम राहिला, म्हणून त्याने सुनावणी मागितली. आता तो पहिल्यांदाच एका जिवंत माणसासमोर बसतो, जो त्याचे बोलणे ऐकतो आणि त्याला प्रश्न विचारतो. समोर खात्याचा वकील नसतो. पुरावा अपुरा असेल तर तो मागवून घेण्याची जबाबदारीही न्यायाधीशावरच असते. अर्जदार सध्या कमावतो आहे का, दुखणे गंभीर आहे का, ते खात्याच्या यादीतील आजारांमध्ये बसते का, त्याला पूर्वीचे काम जमेल का आणि ते जमत नसेल तर देशात उपलब्ध असलेले दुसरे एखादे काम जमेल का, हे पाच प्रश्न याच क्रमाने तपासले जातात. शेवटच्या प्रश्नासाठी रोजगारविषयक तज्ज्ञाची साक्ष होते. न्यायाधीश त्याला विचारतो की, दहा किलोपेक्षा जास्त वजन उचलू न शकणारा आणि दर अर्ध्या तासाने उठून उभे राहावे लागणारा माणूस कोणते काम करू शकेल. या प्रश्नात न्यायाधीशाने अर्जदाराच्या किती मर्यादा घातल्या आणि किती गाळल्या, यावर बहुतेकदा निकाल ठरतो. अर्जदाराची वेदना खरी मानायची की नाही, डॉक्टरांच्या दोन परस्परविरोधी अहवालांपैकी कोणता ग्राह्य धरायचा, हे सारे त्या एका माणसाच्या विवेकावर सोपवलेले असते. वर अपील करता येते आणि त्यानंतर जिल्हा न्यायालयातही जाता येते, पण तिथे साक्षी नव्याने होत नाहीत, याच सुनावणीची नोंद पुढे ठेवली जाते.

म्हणजे ज्या खात्याच्या तिजोरीतून पैसे जायचे, त्याच खात्यातला माणूस पैसे द्यायचे की नाही ते ठरवतो. तो निःपक्षपाती राहील याची हमी कोणी आणि कशी द्यायची, हा प्रश्न अमेरिकेत 1930 च्या दशकापासून तापत होता. महामंदीनंतर फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळात नियामक संस्थांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांच्यात सुनावणी घेणारे अधिकारी त्या संस्थेचेच साधे नोकर होते. तपास करणारा, आरोप ठेवणारा आणि निवाडा देणारा हे एकाच वरिष्ठाच्या हाताखाली काम करत असत, आणि कित्येकदा बढतीही त्याच वरिष्ठाच्या हातात असे. व्यापारी आणि वकील यांनी यावर वर्षानुवर्षे तक्रारी केल्या. अखेर 1946 साली अमेरिकी संसदेने प्रशासकीय कार्यपद्धतीचा कायदा केला. सुनावणी अधिकाऱ्याला खात्यापासून तोडायचे नाही, पण खात्याच्या हातातली त्याच्या नोकरीची सूत्रे मात्र काढून घ्यायची, असा मध्यम मार्ग या कायद्याने काढला. खात्याच्या शिफारशीवर त्याचा पगार ठरणार नाही. प्रकरणे शक्य तोवर पाळीपाळीने वाटली जातील, म्हणजे अडचणीचे प्रकरण सोयीच्या न्यायाधीशाकडे देता येणार नाही. तपास आणि फिर्याद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली तो काम करणार नाही. आणि सबळ कारण स्वतंत्र यंत्रणेपुढे सिद्ध झाल्याशिवाय त्याला काढता येणार नाही. पुढे 1953 साली सर्वोच्च न्यायालयाने या अधिकाऱ्यांचे वर्णन अर्धस्वतंत्र असे केले. ते वर्णन आजही चपखल आहे. त्यांना प्रशासकीय न्यायाधीश हे नाव 1970 च्या दशकात मिळाले. त्यांचे वार्षिक गोपनीय अहवाल लिहिले जात नाहीत, आणि खाते त्यांना बक्षीस देऊ शकत नाही. निकाल आवडला म्हणून शाबासकी नाही आणि आवडला नाही म्हणून शेराही नाही, असा त्यामागचा विचार होता.

या व्यवस्थेची दुसरी बाजू भरतीची होती. इथे अमेरिकेच्या नागरी सेवेबद्दल थोडे सांगणे भाग आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे निवडणूक जिंकणारा पक्ष आपल्या कार्यकर्त्यांना सरकारी नोकऱ्या वाटत असे. जुलै 1881 मध्ये नोकरी न मिळाल्याने बिथरलेल्या एका माणसाने राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि सप्टेंबरमध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्या धक्क्याने सुधारणेला जोर चढला आणि 1883 साली पेंडलटन कायदा आला. खुली जाहिरात, परीक्षा, गुणवत्ता यादी आणि यादीतून निवड, ही रीत तेव्हापासून रुजली. या रीतीने भरल्या जाणाऱ्या पदांना स्पर्धात्मक सेवा म्हणतात. ज्या पदांना ही रीत लागू करणे सोयीचे नाही असे मानले जाते, ती पदे वगळलेल्या सेवेत ठेवली जातात आणि तिथे प्रत्येक खाते आपापल्या पद्धतीने माणसे घेते.

सरकारी वकिलांची बहुतेक पदे अमेरिकेत फार पूर्वीपासून वगळलेल्या सेवेत आहेत. वकिलांची केंद्रीय परीक्षा घेण्यावर संसदेनेच निर्बंध घातलेले आहेत. कायद्याच्या पदवीधरांत प्रशासकीय न्यायाधीश हाच ठळक अपवाद होता, आणि त्यामागे कारण होते. सरकारी वकील सरकारची बाजू मांडतो, तेव्हा सरकारने त्याला स्वतः निवडण्यात काही वावगे नाही. न्यायाधीशाने मात्र दोन बाजूंमध्ये तोलून पाहायचे असते. आपल्याकडेही जिल्हा सरकारी वकिलाची नेमणूक शासन स्वतःच्या निवडीने करते, पण कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश होण्यासाठी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते. या दोन कामांसाठी दोन वेगळ्या वाटा ठेवण्यामागचे तत्त्व तेच आहे.

2018 पर्यंतची वाट अशी होती. उमेदवाराकडे वकिलीची सनद आणि न्यायालयीन किंवा प्रशासकीय सुनावण्यांचा किमान सात वर्षांचा अनुभव हवा. कार्मिक व्यवस्थापन कार्यालय ही केंद्रीय यंत्रणा लेखी परीक्षा घेई, निकालपत्र लिहायला लावी, ठरावीक साच्याची मुलाखत घेई आणि गुणानुक्रमे यादी तयार करी. एखाद्या खात्याला न्यायाधीश हवा असला की त्याच्याकडे यादी जाई आणि खात्याने साधारणपणे वरच्या तिघांतून एकाची निवड करायची असे. खात्याला निवडीचा अधिकार होता, पण कोणातून निवडायचे ते खाते ठरवत नव्हते. वशिल्याला आळा बसत होता तो नेमका इथे.

या पद्धतीत दोष नव्हते असे मुळीच नाही. परीक्षा नियमितपणे होत नसे, आणि यादी जुनी झाली की खाती अडून बसत. माजी सैनिकांना पाच किंवा दहा जादा गुण मिळत. वरच्या जागी गुणांमधले अंतर अगदी थोडे असते, त्यामुळे हे जादा गुण क्रम पार उलटवून टाकत. सैनिकांना प्राधान्य देण्याचा हेतू चांगला आहे, पण या विशिष्ट पदाच्या बाबतीत त्याचा परिणाम प्रमाणाबाहेर होत होता, ही तक्रार खरी होती. शिवाय विकलांगतेच्या दाव्यांसाठी आणि वीजदराच्या किचकट खटल्यांसाठी एकच यादी वापरली जाई. विषयाची जाण असलेला माणूस लहान खात्यांना यादीतून मिळत नसे, म्हणून ती सोशल सिक्युरिटी खात्यात आधीच पदावर असलेले न्यायाधीश बदलीने आपल्याकडे घेत. त्या मोठ्या खात्याकडे 2017 च्या सुमारास सुनावणीच्या प्रतीक्षेतील प्रकरणे दहा लाखांच्या वर गेली होती, आणि भरतीतला प्रत्येक महिन्याचा उशीर कोणा आजारी माणसाच्या घरात जाणवत होता.

असे असले तरी आदेश निघाला तो या तक्रारींमुळे नव्हे. त्याला निमित्त मिळाले ते 21 जून 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने लुसिया विरुद्ध एसईसी या खटल्यात दिलेल्या निकालाचे. रेमंड लुसिया हे गुंतवणूक सल्लागार होते. निवृत्तीनंतरची पुंजी वेगवेगळ्या ‘बादल्यां’मध्ये विभागून ठेवण्याची योजना ते व्याख्यानांतून विकत असत. त्या योजनेचा पूर्वीचा परतावा दाखवताना त्यांनी लोकांची दिशाभूल केली, असा सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनचा आरोप होता. आयोगाच्या प्रशासकीय न्यायाधीशासमोर सुनावणी झाली आणि त्यांना 3 लाख डॉलर दंड व या व्यवसायातून आजीवन बंदी अशी शिक्षा झाली. लुसिया यांनी आक्षेप घेतला तो थेट न्यायाधीशाच्या नेमणुकीवर. अमेरिकी राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदानुसार सरकारचे अधिकारी नेमण्याचा हक्क राष्ट्राध्यक्ष, न्यायालये किंवा खातेप्रमुख यांनाच आहे. या न्यायाधीशाला मात्र आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी नेमले होते, स्वतः आयोगाने नव्हे.

मग प्रश्न उरला तो एवढाच, की हा न्यायाधीश घटनेच्या अर्थाने अधिकारी आहे की साधा कर्मचारी. न्यायालयाने बहुमताने त्याला अधिकारी ठरवले. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी बहुमताचा निकाल लिहिला. या न्यायाधीशांचे पद कायद्याने निर्माण केलेले आणि कायमस्वरूपी आहे, ते साक्षी नोंदवतात, सुनावणी चालवतात, कोणता पुरावा घ्यायचा ते ठरवतात आणि आपल्या आदेशांचे पालन करायला भाग पाडू शकतात. अशाच स्वरूपाचे काम करणाऱ्या कर न्यायालयातील विशेष न्यायाधीशांना 1991 सालीच अधिकारी मानले गेले होते, त्यामुळे इथे वेगळे उत्तर देण्याचे कारण नव्हते. लुसिया यांना दुसऱ्या, योग्य रीतीने नेमलेल्या न्यायाधीशापुढे नव्याने सुनावणी मिळाली. आधीच्याच न्यायाधीशाची नेमणूक नंतर दुरुस्त केली असली तरी त्याच्यापुढे ती नको, असेही न्यायालयाने स्पष्ट केले, कारण एकदा मत बनवलेल्या माणसाकडून कोऱ्या मनाची अपेक्षा करता येत नाही. सरकारने या खटल्यात आधी आयोगाची बाजू घेतली होती आणि नंतर पवित्रा बदलून लुसिया यांचे म्हणणे मान्य केले होते. म्हणून खालच्या निकालाचे समर्थन करण्यासाठी न्यायालयाला बाहेरचा वकील नेमावा लागला.

या निकालात परीक्षेविरुद्ध एक शब्दही नाही. नेमणूक कोणी करायची एवढेच न्यायालयाने सांगितले. यादी कोणी करावी, त्यात किती नावे असावीत, लेखी परीक्षा असावी की नसावी, यांपैकी कोणताही मुद्दा त्याच्यापुढे नव्हता. ही त्रुटी किती सहज भरून काढता येते हेही लगेच दिसले. सोशल सिक्युरिटी खात्याच्या कार्यवाहक प्रमुखांनी 16 जुलै 2018 रोजी आपल्या खात्यातील सर्व प्रशासकीय न्यायाधीशांच्या नेमणुकांना स्वतःच्या अधिकारात मंजुरी दिली आणि पुढच्या सुनावण्यांपुरता घटनेचा प्रश्न मिटला.

13843 क्रमांकाचा आदेश मात्र त्याच्या बराच पुढे गेला. नागरी सेवेच्या नियमांना आवश्यक ते अपवाद करण्याचा अधिकार कायद्याने राष्ट्राध्यक्षांना दिलेला आहे, त्यामुळे यासाठी संसदेकडे जाण्याची गरज पडली नाही. वगळलेल्या सेवेत ‘ई’ नावाची नवी अनुसूची निर्माण करून प्रशासकीय न्यायाधीशांची सगळी पदे तिच्यात टाकण्यात आली. केंद्रीय परीक्षा आणि गुणवत्ता यादी दोन्ही गेली. उरलेली एकमेव सक्तीची अट म्हणजे वकिलीची वैध सनद. यापेक्षा जास्त अटी हव्या असतील तर प्रत्येक खात्याने त्या आपापल्या ठरवायच्या. माजी सैनिकांचे प्राधान्य प्रशासनाला जमेल तेवढे पाळायचे. त्या दिवशी जे पदावर होते ते, त्या पदावर असेपर्यंत, स्पर्धात्मक सेवेतच राहणार होते. याचा अर्थ, शेजारशेजारच्या दालनांत दोन वेगळ्या वाटांनी आलेले न्यायाधीश आज एकाच प्रकारची प्रकरणे ऐकत आहेत.

आदेशाच्या प्रस्तावनेत दोन कारणे दिली आहेत आणि त्यांचा प्रामाणिकपणे विचार करायला हवा. पहिले कारण कायदेशीर जोखमीचे. घटनेने नेमणुकीचा अधिकार खातेप्रमुखाला दिला असेल, तर तिघांच्या यादीने त्याचे हात बांधणे हेही उद्या घटनाबाह्य ठरू शकते, आणि तसे झाले तर हजारो निकाल धोक्यात येतील, असा हा युक्तिवाद. तो अगदीच निराधार नाही, पण सावधगिरीच्या नावाखाली तो फार ताणलेला आहे. उमेदवाराची किमान पात्रता कायद्याने ठरवणे आणि त्या मर्यादेत नेमणूक करणाऱ्याने निवड करणे, हे अमेरिकेत पूर्वापार चालत आले आहे. तीनऐवजी दहा नावे पाठवली असती किंवा पात्र ठरलेल्या सर्वांची यादी दिली असती, तरी खातेप्रमुखाचा अधिकार अबाधित राहिला असता आणि परीक्षाही टिकली असती. दुसरे कारण असे, की कामसूपणा, सारासार विवेक आणि खात्याच्या विशिष्ट गरजा भागवण्याची क्षमता हे गुण परीक्षेत मोजता येत नाहीत, ते खात्यालाच जोखता आले पाहिजेत.

यातल्या ‘खात्याच्या विशिष्ट गरजा’ या शब्दांपाशी मी थांबतो. वीजदराच्या खटल्यासाठी त्या विषयाचा जाणकार हवा, ही गरज रास्त आहे. पण दावे कमी मंजूर व्हावेत, ही देखील एखाद्या खात्याची ‘गरज’ असू शकते. हे माझ्या मनचे नाही, 1980 च्या दशकात सोशल सिक्युरिटी खात्यात ते प्रत्यक्ष घडलेले आहे. संसदेने 1980 साली खात्याला न्यायाधीशांच्या निकालांची स्वतःहून फेरतपासणी करायला सांगितले. खात्याने त्यासाठी निवड केली ती ज्यांच्याकडे भत्ता मंजूर होण्याचे प्रमाण जास्त होते अशाच न्यायाधीशांची. जे सर्रास नाकारत होते त्यांच्या निकालांवर अशी नजर ठेवली गेली नाही. न्यायाधीशांच्या संघटनेने खात्याला कोर्टात खेचले. वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने 1984 साली दिलेल्या निकालात म्हटले की या मोहिमेमुळे तणावाचे आणि अन्यायाचे वातावरण तयार झाले आणि न्यायाधीशांच्या स्वतंत्र निर्णयबुद्धीवर दडपण येण्याची शक्यता होती. तोवर खात्याने ती पद्धत सोडून दिली होती, म्हणून न्यायालयाने वेगळा मनाई हुकूम काढला नाही. परीक्षेतून आलेल्या, सहज न काढता येणाऱ्या न्यायाधीशांवर जर एवढे दडपण येऊ शकते, तर ज्यांना त्याच खात्याने हेरून, आपल्या निकषांवर निवडले आहे, त्यांच्यावर किती येईल, याचा विचार आदेश काढणाऱ्यांनी करायला हवा होता.

परीक्षा पास झालेला माणूस प्रामाणिकच निघतो असेही नाही, आणि ते मान्य केलेच पाहिजे. सोशल सिक्युरिटी खात्यातील एका प्रशासकीय न्यायाधीशाने केंटकीतील एका वकिलाकडून वर्षानुवर्षे पैसे घेऊन त्याच्या अशिलांचे हजारो दावे मंजूर केल्याचे उघड झाले आणि 2017 साली त्याला चार वर्षांची कैद झाली. तो जुन्या व्यवस्थेतलाच माणूस होता. पण त्यातून धडा निघतो तो देखरेखीचा. ज्यांनी सहकाऱ्याच्या वागण्याबद्दल आतून तक्रारी केल्या त्यांचे वेळीच ऐकले गेले नाही, हा तिथला खरा दोष होता, आणि भरतीची रीत बदलून तो दूर होत नाही.

न्यायाधीशाचे स्वातंत्र्य दोन गोष्टींवर उभे असते. तो पदावर कसा आला आणि त्याला पदावरून कोण, कसे काढू शकते. आदेशाने पहिली बाजू बदलली. दुसरी बाजू कायद्यात असल्यामुळे राष्ट्राध्यक्षांना ती नुसत्या सहीने बदलता आली नाही. सबळ कारण असेल तरच आणि मेरिट सिस्टिम्स प्रोटेक्शन बोर्ड या स्वतंत्र मंडळासमोर ते सिद्ध झाले तरच बडतर्फी, हा नियम कागदावर तसाच आहे. पण आदेशानंतर लगेच न्याय खात्याने ‘सबळ कारण’ या शब्दांचा अर्थ बराच सैल लावणारे मार्गदर्शन काढले. खातेप्रमुखाच्या धोरणाचे पालन न करणे किंवा काम असमाधानकारक असणे हेही त्यात बसवण्यात आले. शिवाय ज्या मंडळाने अशा प्रकरणांत शेवटचा शब्द द्यायचा, त्याच्याकडे जानेवारी 2017 पासून मार्च 2022 पर्यंत गणपूर्तीच नव्हती. पाच वर्षे संरक्षण देणारी यंत्रणाच ठप्प होती.

त्यानंतर न्यायालयांतूनही या संरक्षणाला धक्के बसत गेले. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली एका हिशेब तपासणी मंडळाच्या बाबतीत दोन पदरी संरक्षण घटनाबाह्य ठरवले होते. दोन पदरी म्हणजे असे, की कनिष्ठाला काढायला कारण हवे आणि ज्याने काढायचे त्या वरिष्ठाला काढायलाही राष्ट्राध्यक्षांना कारण हवे, त्यामुळे राष्ट्राध्यक्षांचा हात कनिष्ठापर्यंत पोहोचतच नाही. प्रशासकीय न्यायाधीशांचा प्रश्न तेव्हा न्यायालयाने बाजूला ठेवला होता. मे 2022 मध्ये पाचव्या विभागीय अपील न्यायालयाने जारकेसी खटल्यात तोच तर्क एसईसीच्या न्यायाधीशांना लावून त्यांचे संरक्षण घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने 27 जून 2024 रोजी तो निकाल कायम केला, पण वेगळ्या कारणाने. गुंतवणूकदारांच्या फसवणुकीसाठी दंड आकारायचा असेल तर आरोपीला ज्युरीपुढे खटला चालवण्याचा हक्क आहे, असे त्याने म्हटले आणि बडतर्फीच्या मुद्द्याला हात लावला नाही. मग 20 फेब्रुवारी 2025 रोजी न्याय खात्याने संसदेला कळवले की प्रशासकीय न्यायाधीशांचे हे अनेक पदरी संरक्षण घटनाबाह्य आहे असे आपले मत झाले असून यापुढे सरकार न्यायालयात त्याचे समर्थन करणार नाही. कायदा जागेवर आहे, पण त्याची बाजू मांडायला सरकारी वकील उभा राहणार नाही, अशी ही अवस्था आहे.

दोन्ही बाजू गेल्या तर काय होते, यासाठी कल्पना लढवण्याची गरज नाही. अमेरिकेतील इमिग्रेशन न्यायाधीश पाहावेत. नाव न्यायाधीश असले तरी ते 1946 च्या कायद्यातले प्रशासकीय न्यायाधीश नाहीत. ते न्याय खात्यातील वकील असतात, त्यांना अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे त्या खात्याचे प्रमुख, नेमतात आणि त्यांची पदे आधीपासून वगळलेल्या सेवेत आहेत. ऑक्टोबर 2018 पासून त्यांना वर्षाला 700 प्रकरणे निकाली काढण्याचे उद्दिष्ट देण्यात आले आणि ते त्यांच्या कामगिरीच्या मूल्यमापनाशी जोडले गेले. 2025 साली त्यांच्यापैकी अनेकांना नोकरीवरून दूर करण्यात आले, आणि त्यांत परिवीक्षा काळ संपत आलेले कित्येक जण होते. हद्दपारीच्या सुनावणीत ज्याचे सगळे आयुष्य पणाला लागलेले असते, त्याला समोरचा न्यायाधीश आकड्यांच्या आणि नोकरीच्या धास्तीत आहे हे माहीत असणे किती क्लेशदायक असेल, हे वेगळे सांगायला नको.

मराठी वाचकाचा या विषयाशी संबंध येतो तोही असाच. पुण्याहून किंवा नाशिकहून नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या माणसाच्या ग्रीन कार्डची पहिली पायरी बहुधा कामगार खात्याचे प्रमाणपत्र असते. त्या जागेसाठी योग्य अमेरिकी कामगार मिळाला नाही, हे मालकाला दाखवावे लागते. जाहिरातीतल्या एखाद्या तपशिलावरून अर्ज फेटाळला गेला तर अपील जाते ते प्रशासकीय न्यायाधीशांच्या मंडळाकडे. एच-1बी व्हिसावर काम करणाऱ्याला मालकाने ठरलेला पगार दिला नाही आणि खात्याच्या चौकशीच्या निष्कर्षाला एका पक्षाने आव्हान दिले, तरी सुनावणी प्रशासकीय न्यायाधीशापुढेच होते. आणि तिथे वर्षानुवर्षे सोशल सिक्युरिटीचे पैसे भरून पुढे आजाराने काम सोडावे लागलेल्या आपल्या माणसांनाही त्याच पाच प्रश्नांच्या सुनावणीला सामोरे जावे लागते.

ज्यांची सुनावणी लुसिया निकालाआधी अयोग्य रीतीने नेमलेल्या न्यायाधीशापुढे झाली, त्यांना एक दिलासा मात्र मिळाला. नेमणुकीबद्दलचा आक्षेप खात्यातल्या सुनावणीत घेतला नव्हता म्हणून तो न्यायालयात घेता येणार नाही, असे सोशल सिक्युरिटी खाते म्हणत होते. एप्रिल 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते म्हणणे फेटाळले. पाठीचे दुखणे घेऊन आलेल्या, बहुधा वकील नसलेल्या माणसाकडून घटनेच्या नियुक्ती कलमावर युक्तिवाद करण्याची अपेक्षा धरणे अन्यायाचेच झाले असते.

पुढच्या सरकारने 2018 चा आदेश मागे घेतला नाही. 2020 मध्ये धोरणविषयक पदांवरील हजारो कर्मचाऱ्यांना वगळलेल्या सेवेत नेण्यासाठी काढलेला दुसरा आदेश जो बायडेन यांनी जानेवारी 2021 मध्ये रद्द केला, आणि ट्रम्प यांनी जानेवारी 2025 मध्ये तो नव्या रूपात परत आणला. प्रशासकीय न्यायाधीशांची अनुसूची ‘ई’ मात्र या साऱ्यात जशीच्या तशी राहिली. केंद्रीय परीक्षा घ्यावी, पात्र ठरलेल्यांची भरपूर मोठी यादी करावी, विषयवार स्वतंत्र याद्या ठेवाव्यात आणि नेमणुकीवर सही खातेप्रमुखाची असावी, ही सुधारणा लुसिया निकालाला कुठेही बाधा न आणता करता येईल. त्यासाठी संसदेने कायदा केला तर तो पुढच्या राष्ट्राध्यक्षाला नुसत्या आदेशाने मोडता येणार नाही. तोवर प्रत्येक खाते आपले न्यायाधीश आपणच निवडत राहील, आणि 2018 पूर्वी परीक्षेच्या वाटेने आलेल्यांची संख्या निवृत्तीबरोबर वर्षागणिक कमी होत जाईल.